तीन सोडून सगळे राष्ट्राध्यक्ष फ्रॅटर्निटीचे? जरा मोजून बघू

ऑगस्ट आला, अमेरिकेतली कॉलेजं सुरू व्हायला लागली की एक जुना मेसेज नव्यानं फिरायला लागतो. मुलं तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही तो येतोच. मजकूर थोडक्यात असा: पहिली कॉलेज फ्रॅटर्निटी 1825 मध्ये निघाली आणि तेव्हापासून दोन किंवा तीन अपवाद सोडले (हा आकडा मेसेजगणिक बदलतो) तर अमेरिकेचे सगळे राष्ट्राध्यक्ष फ्रॅटर्निटीचे सदस्य होते. 1910 पासून सुप्रीम कोर्टात आलेल्या 47 न्यायाधीशांपैकी 40 फ्रॅटर्निटीवाले, म्हणजे 85 टक्के. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांत 76 टक्के. आणि एकूण लोकसंख्येत ही मंडळी किती? जेमतेम 2 टक्के.

वाचणारे आपापल्या स्वभावाप्रमाणे यातून दोन अर्थ काढतात. पहिला, पोराला फ्रॅटर्निटीत घाला, जन्माचं कल्याण होईल. दुसरा, बघा, अमेरिका गुप्त मंडळंच चालवतात, निवडणुका नुसत्या दाखवायला. दोघांच्या हातात कागद एकच, आणि तो कागदच कच्चा आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांचं सदस्य निवडून घेणारं मंडळ. नाव ग्रीक अक्षरांचं, बहुतेकांचं स्वतःचं घर, वर्षाच्या सुरुवातीला ‘रश’ नावाची पारखापारखी, मग ‘प्लेज’ म्हणून उमेदवारी आणि तिच्यात बऱ्याच ठिकाणी रॅगिंग. मुलींची ती सोरोरिटी. एकदा घेतलं की सदस्यत्व आयुष्यभराचं. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘1825 पासूनचे सगळे राष्ट्राध्यक्ष, दोन-तीन सोडून’

न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात नोव्हेंबर 1825 मध्ये काप्पा अल्फा सोसायटी निघाली, हे खरं. पण त्या वर्षी अँड्र्यू जॅक्सन 58 वर्षांचा होता, आणि राष्ट्राध्यक्ष तो नंतर झाला. तो कॉलेजात कधी गेलाच नव्हता. व्हॅन ब्यूरन, टेलर, फिलमोर हेही नाहीत. लिंकनची सगळी शाळा मिळून एक वर्षही भरत नाही. त्याच्यानंतर आलेला अँड्र्यू जॉन्सन शिंप्याकडे उमेदवारी करून मोठा झाला, त्यानं शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. अपवादांचा दोन-तीनचा कोटा जॅक्सन-व्हॅन ब्यूरनपाशीच संपत आला, यादी मात्र पुढे पडलीच आहे.

खरं तर 1825 ते 1881 या काळात खुर्चीवर बसलेल्या 14 जणांपैकी एकही जण विद्यार्थी असताना या नव्या फ्रॅटर्निटींचा सदस्य नव्हता. काही जण कॉलेजातच गेले नाहीत, काहींचं कॉलेज फ्रॅटर्निटी निघण्याआधीच संपलं होतं. ग्रँट वेस्ट पॉइंटचा, आणि त्या लष्करी अकादमीत फ्रॅटर्निटी नसतात.

या चौदांतला शेवटचा रदरफर्ड हेज जरा जवळून बघण्यासारखा आहे, कारण मेसेजमागची सगळी करामत त्याच्या एकट्याच्या उदाहरणात दिसते. डेल्टा काप्पा एप्सिलॉन, बोलीभाषेत ‘डीक’, ही फ्रॅटर्निटी आपल्या राष्ट्राध्यक्षांत त्याचं नाव अभिमानानं घेते. हेज केनियन कॉलेजातून 1842 मध्ये पदवीधर झाला. ‘डीक’ची स्थापना झाली 1844 मध्ये, तीही येलमध्ये. म्हणजे हेज कॉलेजातून बाहेर पडला तेव्हा ही संस्था पृथ्वीतलावर नव्हती. पुढे तिची शाखा केनियनला निघाली आणि या नावाजलेल्या माजी विद्यार्थ्याला मानद सदस्य करून घेण्यात आलं. सदस्यत्व आयुष्यभराचं असल्यामुळे आता तो कायमचा त्यांचा.

ग्रोव्हर क्लीव्हलंडचंही तेच. वडील वारले, सोळाव्या वर्षी कमवायला लागला, कॉलेज नाहीच. यादीत मात्र तो ‘सिग्मा काय’चा, मानद. ट्रूमनकडे पदवी नव्हती, संध्याकाळच्या लॉ स्कूलमध्ये काही काळ गेला तेवढाच, पण तोही एका फ्रॅटर्निटीच्या मानद यादीत सापडतो. आपल्याकडे बारावीचा निकाल लागला की एकाच टॉपरचा फोटो तीन क्लासच्या फ्लेक्सवर झळकतो: एकानं दोन वर्षं शिकवलेलं असतं, दुसऱ्यानं टेस्ट सिरीज विकलेली असते आणि तिसरा निकालाच्या दिवशी पेढे आणि फोटोग्राफर घेऊन घरी गेलेला असतो. हेज आणि क्लीव्हलंड हे तिसऱ्या क्लासचे टॉपर.

मेसेजची एक हुशार आवृत्ती म्हणते, 1825 नंतर *जन्मलेले* राष्ट्राध्यक्षच धरा. ठीक, धरू. असे आजवर 26 झाले. त्यांपैकी क्लीव्हलंड, हूवर, ट्रूमन, आयझेनहॉवर, लिंडन जॉन्सन, निक्सन, कार्टर, ओबामा, ट्रम्प आणि बायडेन हे दहा जण विद्यार्थी म्हणून कुठल्याही राष्ट्रीय फ्रॅटर्निटीत नव्हते. क्लिंटन जॉर्जटाऊनला अल्फा फाय ओमेगात होता, पण ती समाजसेवेची संघटना. तिचं ना ते घर, ना त्या पार्ट्या. केनेडी हार्वर्डच्या स्पी क्लबात होता आणि फ्रँकलिन रूझवेल्ट फ्लाय क्लबात. हे हार्वर्डचे क्लब, त्यांचा हिशेब वेगळा. रूझवेल्टला ज्या पोर्सेलियन क्लबात जायचं होतं त्यानं त्याला नाकारलं, आणि ते त्याला चांगलंच लागलं होतं म्हणतात. राष्ट्राध्यक्ष तो तरीही चार वेळा झाला.

मग उरलेल्यांतले खरे सदस्य: गारफिल्ड, आर्थर, बेंजामिन हॅरिसन, थिओडोर रूझवेल्ट, टाफ्ट, विल्सन, कूलिज, फोर्ड, रेगन, दोन्ही बुश. यादी छोटी नाही, आणि मला ती लपवायचीही नाही. पण तिच्यातही गंमत आहे. विद्यार्थिदशेत फ्रॅटर्निटीत असलेला पहिला राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड. तो विल्यम्स कॉलेजात ज्या डेल्टा अप्सिलॉनमध्ये होता ती निघालीच गुप्त मंडळांना विरोध म्हणून. कूलिजला अ‍ॅमहर्स्टमध्ये पहिली तीन वर्षं कोणीच घेतलं नव्हतं. शेवटच्या वर्षी एका नव्या शाखेत तो शिरला. फोर्ड ‘डीक’चा खरा, पण मिशिगनला खर्च भागवण्यासाठी तो त्या घरात भांडी घासत असे. विल्सन व्हर्जिनियात फाय काप्पा साय होता, आणि प्रिन्स्टनचा अध्यक्ष झाल्यावर 1907 मध्ये तिथले श्रीमंत ‘ईटिंग क्लब’, म्हणजे निवडक मुलांचे जेवणाखाण्याचे क्लब, मोडीत काढायला निघाला. माजी विद्यार्थी खवळले, विश्वस्तांनी माघार घेतली आणि विल्सनची योजना बारगळली. क्लबांची ताकद बघायची तर ती इथे दिसते. मात्र त्या ताकदीशी भांडून हरलेला माणूसच पाच-सहा वर्षांत व्हाइट हाउसमध्ये पोचला, हेही त्याच गोष्टीत आहे.

आणि जे नव्हते त्यांचं काय? हूवर स्टॅनफर्डला फ्रॅटर्निटीबाहेरच्या मुलांचा, ज्यांना तिथे ‘बार्ब’ म्हणजे रानटी म्हणत, पुढारी होता. विद्यार्थी संघटनेच्या निवडणुकीत त्यांची मोट बांधून त्यानं फ्रॅटर्निटींची मक्तेदारी मोडली. लिंडन जॉन्सनला टेक्ससमधल्या त्याच्या शिक्षक-कॉलेजात ‘ब्लॅक स्टार्स’ नावाच्या खेळाडूंच्या टोळीनं घेतलं नाही, म्हणून ‘व्हाइट स्टार्स’ उभे राहिले आणि त्यांनी कॉलेजचं राजकारण ताब्यात घेतलं. निक्सनचं व्हिटियर हे क्वेकर पंथाचं छोटं कॉलेज. तिथे ‘फ्रँकलिन’ नावाचं प्रतिष्ठितांचं मंडळ होतं. ते वार्षिक अंकातल्या फोटोला टक्सीडो घालून बसायचे. निक्सननं पहिल्याच वर्षी, 1930 मध्ये, काही पोरं गोळा करून ‘ऑर्थोगोनियन’ काढलं, आणि त्यांचा फोटो मुद्दाम उघड्या गळ्याच्या शर्टात. पुढचं सगळं निक्सनी राजकारण, ‘त्या बड्या घरच्या लोकांनी आपल्याला कधी आपलं म्हटलं नाही’ हा सूर, या फोटोत आधीच दिसतो. फ्रॅटर्निटीनं राष्ट्राध्यक्ष घडवले म्हणता, तर दार लावून घेऊनही तिनं दोन-तीन घडवले, हेही लिहा.

‘47 पैकी 40 न्यायाधीश’

हा आकडा मला सगळ्यात आवडतो, कारण त्याच्यावर त्याची जन्मतारीख छापलेली आहे. 1910 पासून सुप्रीम कोर्टात आलेले न्यायाधीश एकेक करून मोजत जा. 47 हा आकडा 1993-94 च्या सुमारास भरतो, म्हणजे रूथ बेडर गिन्सबर्ग आणि स्टीफन ब्रेयर आले तेव्हा. आज तो 56 च्या घरात आहे. म्हणजे मेसेज तीस वर्षांपूर्वी थिजलाय, आणि लोक तो ‘ताजी माहिती’ म्हणून पुढे ढकलतायत.

बरं, 47 मानले तरी त्यात अपवादाला जागा सातच. ब्रँडाइस अमेरिकेतलं पदवीचं कॉलेज न करता अठराव्या वर्षी थेट हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये गेला. 1941 मध्ये आलेल्या जेम्स बर्न्सनं चौदाव्या वर्षी शाळा सोडली होती. त्याच वर्षी आलेल्या रॉबर्ट जॅक्सननं कॉलेज केलं नव्हतं, कायद्याची पदवीही घेतली नव्हती. झाले तीन. सँड्रा डे ओ’कॉनर स्टॅनफर्डला 1946 मध्ये गेली. तिथल्या सोरोरिटी दोनच वर्षांपूर्वी बंद केल्या होत्या. स्कॅलिया जॉर्जटाऊनचा, आणि ती कॅथलिक जेझुइटांची संस्था फ्रॅटर्निटींना मान्यता देत नाही. क्लॅरेन्स टॉमस होली क्रॉसचा, तेही जेझुइट, तिथे हा प्रकारच नाही. झाले सहा. आता उरलेल्या 41 जणांसाठी एकच जागा शिल्लक. मोजणाऱ्याचा हिशेब खरा ठरायचा तर बाकी चाळीसच्या चाळीस सदस्य हवेत.

मग 85 टक्के येतात कुठून? एक वाट मघाशी बघितली तीच, मानद सदस्यत्व. दुसरी वाट वकिलांच्या फ्रॅटर्निटी. फाय डेल्टा फाय 1869 पासून आहे. 2012 पर्यंत ती कायद्याच्या विद्यार्थ्यांची व्यावसायिक फ्रॅटर्निटी होती. व्याख्यानं, मूट कोर्ट (सरावाचे लुटुपुटूचे खटले), ओळखीपाळखी असलं काम. न्यायाधीशांना सन्मानानं सदस्य करून घ्यायची अशा संघटनांत पद्धतच आहे. नावात ‘फ्रॅटर्निटी’ शब्द आहे म्हणून तिला आणि बिअरच्या पिंपांभोवती नाचणाऱ्या घराला एकाच रकान्यात टाकलं की टक्केवारी फुगते.

सध्याच्या कोर्टाचं चित्र सरळ आहे. नऊपैकी तिघं या यादीत नक्की बसतात: गोर्सच कोलंबियाला फाय गॅमा डेल्टा, कॅव्हनॉ येलला ‘डीक’, एमी कोनी बॅरेट ऱ्होड्स कॉलेजात काप्पा डेल्टा. 2018 मध्ये सिनेटपुढच्या सुनावणीत कॅव्हनॉच्या येलमधल्या पार्ट्यांची चर्चा अख्ख्या जगानं ऐकली. त्याच येलनं 2011 मध्ये ‘डीक’वर पाच वर्षांची बंदी घातली होती. कारण, प्लेज पोरांना पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांपुढे नेऊन बलात्काराच्या घोषणा द्यायला लावल्या होत्या. ‘85 टक्के’वाल्या मेसेजमध्ये हा तपशील अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

‘काँग्रेसमध्ये 76 टक्के’

हा आकडा 535 जणांचा, म्हणजे चारशेहून जास्त सदस्य व्हायला हवेत. कोणत्या वर्षीची काँग्रेस, कोणी मोजलं, मेसेजमध्ये काही नाही. सदस्य आहेत, भरपूर आहेत: सिनेटर मिच मॅकॉनेल फाय काप्पा टाऊचा, 2019 पर्यंत कनिष्ठ सभागृहात असलेला पॉल रायन डेल्टा टाऊ डेल्टाचा. पण काँग्रेस दर दोन वर्षांनी बदलते आणि मेसेजमधला आकडा कधीच बदलत नाही, एवढ्यावरूनच काय ते समजावं. आता तर बेळगावात शिकून, मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून, 1979 मध्ये पीएच.डी.साठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेलेले आपले श्री ठाणेदार 2023 पासून मिशिगनतर्फे हाउसमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, बसतात. पदवी इकडून घेऊन गेलेल्याला रशची ती वाट लागतच नाही.

‘लोकसंख्येत मात्र 2 टक्केच’

खरी हातचलाखी इथे आहे. राष्ट्राध्यक्षांची तुलना सगळ्या लोकसंख्येशी का करायची? त्यांच्यासारख्यांशी करा. 1900 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉलेजवयीन शंभर तरुणांत दोन-तीनच कॉलेजात जात. ते बहुतेक गोरे, पुरुष आणि खात्यापित्या घरचे. फ्रॅटर्निटी सदस्य उचलायच्या त्यांच्यातून, पक्ष उमेदवार उचलायचे त्यांच्यातून आणि राष्ट्राध्यक्ष न्यायाधीश नेमायचे तेही त्यांच्यातूनच. सुप्रीम कोर्टात पहिली बाई 1981 मध्ये आली. एकाच टोपलीतून दोनदा फळं काढली आणि दोन्ही वेळा आंबेच निघाले, तर पहिल्या हातानं दुसऱ्याचे आंबे पिकवले असं कोणी म्हणत नाही.

टाफ्टचं बघा. तो राष्ट्राध्यक्षही झाला आणि सरन्यायाधीशही, त्यामुळे दोन्ही याद्यांत मोजला जातो. येलला तो साय अप्सिलॉनमध्येही होता आणि ‘स्कल अँड बोन्स’ या तिथल्या गुप्त मंडळातही. पण त्याचा बाप अल्फॉन्सो टाफ्ट ग्रँटच्या मंत्रिमंडळात होता, आणि ‘स्कल अँड बोन्स’च्या संस्थापकांपैकी एक होता. धाकट्या बुशचा आजोबा सिनेटर, बाप राष्ट्राध्यक्ष, तिघंही येलचे, तिघंही ‘बोन्स’चे. हा माणूस ‘डीक’चा अध्यक्ष नसता तर टेक्ससचा गव्हर्नर झाला नसता, असं कोणाला वाटतं? 1967 मध्ये प्लेज पोरांना डाग देण्यावरून येलमध्ये गवगवा झाला तेव्हा त्यानं वर्तमानपत्राला सांगितलं होतं की तो सिगरेटच्या चटक्याएवढाच असतो. एवढंच त्याचं फ्रॅटर्निटीतलं योगदान छापील स्वरूपात माझ्या लक्षात आहे.

आणि ज्यांना या घरांनी घेतलंच नाही त्यांनी आपली वेगळी काढली. ज्यूंची झीटा बीटा टाऊ 1898 मध्ये, कृष्णवर्णीयांची अल्फा फाय अल्फा 1906 मध्ये कॉर्नेलला, त्यांच्या मुलींची अल्फा काप्पा अल्फा 1908 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात. न्यायाधीश थर्गुड मार्शल अल्फा फाय अल्फाचा, गिन्सबर्ग कॉर्नेलच्या ज्यू मुलींच्या अल्फा एप्सिलॉन फायची, कमला हॅरिस अल्फा काप्पा अल्फाची. यांना त्याच टक्केवारीत घालून ‘फ्रॅटर्निटी नेते घडवते’ म्हणायचं, म्हणजे ज्यानं दार लावलं आणि जो दाराबाहेर राहिला त्या दोघांचं श्रेय दाराला देण्यासारखं आहे. या कृष्णवर्णीय संघटनांचं काम मुख्यतः पदवीनंतर चालतं: शहरोशहरी शाखा, मतदार नोंदणी, शिष्यवृत्त्या. राजकारणात त्यांचं वजन आहेच, पण ते रशच्या आठवड्यात मिळत नाही.

‘म्हणजे गुप्त मंडळंच देश चालवतात’

‘स्कल अँड बोन्स’ दरवर्षी येलच्या शेवटच्या वर्षात जाणारे 15 विद्यार्थी निवडतं. आजवर राष्ट्राध्यक्ष तीन: टाफ्ट आणि दोन बुश. 2004 मध्ये बुश आणि त्याच्याविरुद्ध उभा असलेला केरी दोघंही त्यातलेच निघाले, तेव्हापासून ही कथा जोरात आहे. त्यानंतरच्या 2008 पासून 2024 पर्यंतच्या पाच निवडणुकांत दोन्ही मोठ्या पक्षांचा एकही उमेदवार ‘बोन्स’चा नव्हता. देश चालवणाऱ्यांनी एवढी मोठी सुट्टी घेतली म्हणायची.

फ्रॅटर्निटींच्या हातात खरी सत्ता बघायची असेल तर वॉशिंग्टन सोडा आणि अलाबामा विद्यापीठात जा. तिथे ‘द मशीन’ नावाची निवडक फ्रॅटर्निटी-सोरोरिटींची गुप्त युती आहे, शतकभर जुनी. विद्यार्थी संघटनेची निवडणूक बहुतेक वर्षी तीच जिंकते. पद्धत अगदी साधी, आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटी पॅनेलला कळेल अशी: प्रत्येक घराला उमेदवार कळवला जातो, घर एकगठ्ठा मत टाकतं, बाकीचे विद्यार्थी मतदानालाच फारसे येत नाहीत. पुढे सिनेटर झालेला लिस्टर हिल हा या युतीच्या मुळाशी होता. ऑगस्ट 2013 मध्ये हे लोण टस्कलूसा शहराच्या शाळा मंडळाच्या निवडणुकीपर्यंत गेलं. मतदान करा, फुकट ड्रिंक्स मिळतील, लिमोझिन न्यायला येईल, असे ईमेल सोरोरिटीत फिरले. जागेचा निकाल शंभराच्या आत मतांनी लागला. पुढच्याच महिन्यात कॉलेजच्या वर्तमानपत्रानं उघड केलं की तिथल्या गोऱ्या सोरोरिटी कृष्णवर्णीय मुलींना वंशावरून नाकारत होत्या. 2013 मध्ये!

पण ही ताकद कमी मतदानाची आणि छोट्या मतदारसंघाची. 1976 मध्ये बाहेरच्या मुलांनी एकजूट केली, काही सोरोरिटी फुटल्या, आणि त्याच अलाबामात कृष्णवर्णीय विद्यार्थी अध्यक्ष निवडून आला.

‘म्हणून मुलाला रशला पाठवा’

ओळखी होतात, हे मी नाकारत नाही. घरापासून दूर गेलेल्या अठरा वर्षांच्या पोराला चार मित्र मिळत असतील तर चांगलंच आहे. तेवढ्यासाठी जायचं तर जावं. पण निर्णय कूलिज आणि टाफ्टकडे बघून घेऊ नका. डिसेंबर 2024 मध्ये बायडेननी सही केलेल्या कायद्यानं अमेरिकेतल्या कॉलेजांना रॅगिंगच्या प्रकरणांचा अहवाल वेबसाइटवर टाकणं बंधनकारक केलंय. दोषी ठरलेल्या संघटनेच्या नावासकट. मुलगा ज्या घराचं नाव घेतोय ते त्या अहवालात आधी शोधा, मग त्या घराची वर्षाची फी किती ते विचारा, आणि मग फोनवर काय बोलायचं ते बोला.